डबीवरचा नंबर

जंत हा चारचौघांत बोलायचा विषय नाही. पण माझी सगळी नोकरी त्याच्यातच गेली. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं मी लोकांच्या शौचाच्या डब्या उघडत आले. सासूबाई म्हणायच्या, "पाणी गाळून पिणाऱ्या घरातली सून, आणि काम हे असलं!" त्या रागावून नाही, कौतुकानंच म्हणायच्या.

निवृत्तीनंतर एका डॉक्टर मैत्रिणीनं हाक मारली, आणि मी बालापूरकडच्या रोहिंग्यांच्या वस्तीत जाऊ लागले. म्यानमार सोडून आलेली ही माणसं. ताडपत्रीच्या खोल्या, भंगाराचे ढीग, आणि चिखलात अनवाणी पळणारी मुलं. आम्हाला त्या मुलांची शौचतपासणी करायची होती.

डबी द्यायला कुणी लाजलं नाही. अडचण दुसरीच निघाली. मी वही उघडून पेन काढलं, तशी एक आई मुलाला मागे ओढत म्हणाली, "आपा, नाम नक्को लिखो."

'नक्को'! आपलंच 'नको' हैदराबादी उर्दूत असं जाऊन बसलंय. शब्द ओळखीचा होता, त्यामागची भीती मात्र मला नवी होती. आपल्या देशानं १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. या माणसांना यादीत नाव गेलं की पोटात गोळा येतो. आज औषधासाठी लिहिलेलं नाव उद्या कुणाच्या हातात जाईल, हे मी तरी तिला कुठल्या तोंडानं सांगणार होते?

तिची भीती उगाच नव्हती. ही तपासणी एके काळी दार लावायलाच वापरली गेली आहे. १९१० साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ एंजल आयलंडचं ठाणं सुरू झालं. बोटीतून उतरलेल्या चिनी आणि हिंदुस्थानी माणसांची शौचतपासणी तिथं होई, आणि अंकुशकृमी सापडला की परत पाठवायला तेवढं कारण पुरे. खरं तर तो काही औषधांत बरा होणारा आजार. पुढे त्याच अमेरिकेनं १९९९पासून उलटा रस्ता धरला. अनेक देशांतल्या निर्वासितांना निघण्याआधीच अल्बेंडाझोल द्यायचं, कुणाला जंत आहेत हे शोधत बसायचं नाही. दुर्बीण तीच, जंतही तेच. बघणाऱ्याच्या मनात काय आहे, त्यावर सगळं ठरतं.

मग आम्ही वही मिटली. डबीवर फक्त नंबर, आणि त्याच नंबराची चिठ्ठी आईच्या हातात. नाव नाही, पत्ता नाही.

काचेवर काय दिसतं ते सांगते. केसकृमीचं अंडं पखवाजासारखं, दोन्ही टोकांना बूच लावलेलं. गोलकृमीचं तपकिरी, खडबडीत. अंकुशकृमीचं पातळ, पारदर्शक कवचाचं. नमुना वेळेवर बघितला नाही, तर ते डबीतच फुटून अळी बाहेर येते. एका नमुन्यावर 'काही नाही' असं छातीठोक कधी म्हणू नये. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक सूत इतका लबाड, की अंगातच पिढ्या वाढवत राहतो. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बंदिवानांकडून बर्मा रेल्वे बांधून घेतली. तिथून सुटून गेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या पोटात तो कित्येक दशकांनी सापडला. अल्बेंडाझोल त्याला फारसं पुरत नाही, आयव्हरमेक्टिन लागतं. म्हणून सगळ्यांना गोळी देणं स्वस्त आणि सोपं असलं, तरी काचेखाली बघणारं कुणीतरी हवंच.

आमच्या शास्त्रांत कृमी हा दोन इंद्रियांचा जीव. स्पर्श आणि रस, एवढंच त्याला कळतं. एका नातलग बाईंनी मला विचारलंही होतं, "एका गोळीत किती जीव मारतेस गं?" मला मोजता येत नाहीत, आणि नाहीत असंही मी म्हणत नाही. पण अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. नखं पांढरी पडलेलं, माती खाणारं लेकरू समोर बसलेलं असतं. त्याचाही एक जीव आहे, आणि तो पाच इंद्रियांनी सोसतोय. मी गोळी देते. उत्तर म्हणून एवढंच आहे माझ्याजवळ.

आजेसासूबाईंचं दुहेरी फडक्याचं गाळणं नारूला अडवायचं, कारण नारू पाण्यातल्या बारीक किड्यातून येतो. जिआर्डिया मात्र त्या फडक्यातून आरामात पलीकडे जातो. त्याला उकळलेलंच पाणी हवं. आमच्या साध्वी पाणी उकळूनच घेतात. पण ताडपत्रीखाली रोज हंडाभर पाणी उकळायला सरपण कुणी द्यायचं? आणि संडास नसेल तर आज गोळीनं पडलेले जंत सहा महिन्यांत परत पोटात. गोळी चारशे मिलिग्रॅमची. तिच्यानं पोट साफ होतं, वस्ती होत नाही.

आठवड्यानं निकाल घेऊन गेले. नाव लिहू न देणारी तीच आई सगळ्यांत पुढे उभी होती. चिठ्ठी कुठंतरी हरवली होती तिची. म्हणाली, "आपा, सत्रा नंबर का क्या हुआ?"

सतरा नंबरला अंकुशकृमी होता. मी गोळी दिली, लोहाचं औषध दिलं आणि पोराला चप्पल घालायला बजावलं. चप्पल नव्हतीच त्याच्याकडे. पुढच्या खेपेला डब्यांबरोबर मी चपलाही नेल्या.