सळईच्या शेजारी मोसंबी

जालना एमआयडीसीत पत्ता सांगायचा तर रोलिंग मिलची खूण सांगावी लागते. आमच्या पॅकहाऊसचाही पत्ता तसाच, अमुक सळईवाल्याच्या पुढे. तिकडे भट्टीत भंगार सोळाशे अंशांच्या आसपास वितळतं, इकडे मी मोसंबी सात अंशांवर नेऊन ठेवतो. महिनाअखेरीला विजेचं बिल मात्र दोघांनाही सारखंच रडवतं.

तोडलेलं फळ जिवंत असतं. झाडापासून सुटलं तरी श्वास घेतं, अंगातली साखर आणि आम्ल खर्चत राहतं, आणि तापमान दहा अंशांनी चढलं की हा खर्च दुप्पट-तिप्पट होतो. आंबा, सीताफळ तोडल्यावर पिकतात. मोसंबीला ती सोय नाही. झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच, आढी घालून ती वाढत नाही. त्यामुळे माझ्या कोल्ड रूमला फळात काही भर घालता येत नाही, उधळपट्टी तेवढी थांबवता येते.

आणि बरीचशी उधळपट्टी फळ माझ्या दारात येण्याआधीच झालेली असते. मोसंबी ओढून तोडली की देठाजवळची साल फाटते. हिरवी बुरशी धडधाकट सालीतून सहसा आत शिरत नाही, तिला जखम लागते. नखाचा ओरखडा, काट्याचा टोचा, ढिगावर फेकताना बसलेला मार, यातलं काहीही पुरतं. देठाची टोपी फळावर राहील असं कात्रीनं तोडावं, हे मी दर हंगामात सांगतो. तोडणीच्या एका मुकादमानं मला सरळ विचारलं, "सायेब, कात्रीनं तोडत बसलो तर गाडी कव्हा भरायची?" त्याचं चुकत नव्हतं. मजुरी टनावर मिळते, मग हात टनाच्याच वेगानं चालणार. आता कात्रीच्या तोडणीला मी वेगळा दर देतो. यंत्रावर घातलेल्या पैशापेक्षा तो पैसा मला जास्त परत मिळतो, असं माझं मत आहे.

दुसरं भांडण पहाटेचं. उन्हाच्या आत तोडावं, हे भाजीपाल्याला ठीक. मोसंबीची साल दवानं किंवा पावसानं तट्ट फुगलेली असते तेव्हा जरा दाबलं तरी सालीतल्या तेलाच्या पिशव्या फुटतात आणि ते तेल सालीलाच भाजून काढतं. डाग लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उठतो, आणि तोवर बोल कोल्ड स्टोरेजला लागलेला असतो. दव उडू द्या, पावसानंतर थांबा. बदनापूरचं मोसंबी संशोधन केंद्र इथून जवळ आहे. मला भेटणारे बागायतदार तिथं खत, पाणी, फळगळ याबद्दल विचारून येतात, तोडणीबद्दल क्वचितच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण ते खोक्यावर छापलं म्हणून सालीवरचा ओरखडा बुजत नाही.

धुताना फळाचं अंगचं मेण जातं, म्हणून वरून कार्नौबाचा किंवा शेलॅकचा पातळ थर द्यावा लागतो. थर जाड बसला की फळ आतल्या आत घुसमटतं, अल्कोहोल तयार होतं आणि रसाला आंबूस वास येतो. व्यापाऱ्याला चकाकी हवी असते. चकाकी मागणारा सहसा रस चाखून बघत नाही.

कोल्ड स्टोरेज जालन्याला नवं नाही. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी इथंच सुरू केली आणि गाव बियाण्यांचं झालं, आणि बियाणंही थंडीतच राखतात. बियाणेवाल्यांना हॅरिंग्टनचा ठोकताळा पाठ असतो: बियाण्यातली ओल एक टक्क्यानं उतरवा, आयुष्य दुप्पट, तापमान पाच अंशांनी उतरवा, पुन्हा दुप्पट. त्या धंद्यातून आमच्याकडे आलेला एक तंत्रज्ञ खोलीतली ८५ ते ९० टक्के आर्द्रता बघून हबकला होता. बी वाळवून जगवायचं असतं, फळ ओलं राखून. मोसंबीचं वजन पाचेक टक्के घटलं की साल मलूल पडते आणि भावही. पण त्याच दमट हवेवर बुरशीही पोसते, म्हणून क्रेट आणि भिंती धुणं हे माझ्या लेखी मशिनरीइतकंच महत्त्वाचं. त्यानं आणखी एक सवय आणली होती: जितकं थंड तितकं चांगलं. मोसंबी पाच अंशांच्या खाली फार दिवस राहिली तर सालीवर खड्डे पडतात.

नीट तोडलेली मोसंबी महिनाभर तरी सहज राहते. मी तेवढं ताणत नाही. उरलेले दिवस वाटेत, हातगाडीवर आणि गिऱ्हाइकाच्या घरी लागतात, ते मी इथंच खाऊन टाकले तर पुढच्यानं काय करायचं? मृग बहाराचा शेवटचा माल एप्रिलात निघतो. बाहेर चाळीस अंश, फळ सात अंशांवर. दार उघडताच त्याला घाम फुटतो आणि त्या ओलीवर बुरशी पुन्हा डोकं काढते. म्हणून ते आधी मधल्या खोलीत काही तास ठेवून कोमट होऊ देतो, भरणी रात्री करतो. दिल्लीला निघालेला ड्रायव्हर तोवर हॉर्न वाजवत असतो. वाजवू दे.