सव्वादोन मीटरचा किल्ट



पोशाखांचा पाठ चालू होता. स्कॉटलंडच्या माणसाचं चित्र दाखवलं आणि चौथीच्या वर्गात हशा पिकला. "सर, यानं बाईचा स्कर्ट घातलाय!" म्हटलं, हा किल्ट, तिथल्या पुरुषांचाच पोशाख. १७४६ च्या कायद्याने सरकारने हायलँडच्या पुरुषांना तो घालायला बंदी केली होती, ती १७८२ मध्ये उठली. सैनिकांना मात्र सूट होती. मुलं गप्प झाली, पण पटलेलं दिसेना. मग ठरवलं, एक शिवूनच दाखवू.

अस्सल किल्टला लोकरीचं जाड टार्टन लागतं, तेही जवळजवळ ८ यार्ड. ते आपल्या खिशाला कुठलं परवडायला? मी गणवेशाचं चौकडीचं टेरीकॉट घेतलं, पन्हा ५८ इंच. किल्ट कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे मला २४ इंच पुरतो. म्हणून कापड लांबीत मधोमध कापून दोन पट्ट्या जोडल्या. सव्वादोन मीटरचे साडेचार मीटर झाले! जोड निरीच्या आत लपवायचा. कापड, दोरा, पट्टे, बक्कल धरून खर्च ४५० रुपये.

खरी मजा हिशोबात आली. फळ्यावर गणितच मांडलं. सीटचं माप ३६. निम्मं पुढे सपाट, निम्मं मागे निऱ्या. चौकडीचा नमुना दर ६ इंचांनी पुन्हा येतो. एक निरी ६ इंच कापड खाते, दिसते मात्र १ इंच. मग १८ निऱ्यांना १०८ इंच. पुढे एकावर एक दोन पदर, त्यांचे ३६. कडा आणि आतल्या घडीसाठी १२. एकूण १५६. एक मुलगी म्हणाली, "सर, मग सगळ्या निऱ्यांवर एकच रेघ येणार!" अगदी तसंच झालं. एवढा गुणाकार मुलांनी एरवी आनंदाने केला नसता.

निऱ्या कच्च्या टाक्यांनी धरायला एक मुलगा आपणहून पुढे आला. त्याची आई घरी ब्लाउज शिवते, हुक-काजं तो करतो. हे त्याने वर्षभर वर्गापासून लपवलं होतं. एका पालकांनी मला विचारलं, मुलग्यांना शिवण कशाला? तुमची पँट कोण शिवतं, असं मी हसतच विचारलं. आजोबांच्या धोतरालाही निऱ्या असतातच की.

शिवणार असाल तर निऱ्या कमरेपासून सीटपर्यंतच शिवा, खाली मोकळ्या सोडा. कमरेकडे त्या जरा निमुळत्या घ्या. वरच्या पदराची मोकळी कड घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला येते. शोभेची पिन फक्त त्या वरच्याच पदराला लावायची, दोन्ही पदर टाचायचे नाहीत.

मशीन मारून झाल्यावर मी कच्चा दोरा ओढायला घेतला, तर त्या मुलाने हात धरला. "सर, आधी इस्त्री. मग दोरा."