चूवाम्, चूवाश, चूवा

मंडळी, क्रियापद दिसलं की ते चालवून बघितल्याशिवाय निवृत्त मास्तराला राहवत नाही. आजचं क्रियापद सर्बो-क्रोएशियन भाषेतलं आहे. युगोस्लाव्हिया फुटल्यावर या भाषेला सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि माँटेनेग्रिन अशी चार नावं मिळाली. 'चूवाति' हे क्रियापद मात्र चारही घरांत तेच राहिलं. (यातला 'च' चहातला, चमच्यातला नव्हे.)

वर्तमानकाळ असा: मी चूवाम्, तू चूवाश, तो किंवा ती चूवा, आम्ही चूवामो, तुम्ही चूवाते, ते चूवायू. शाळेत 'गच्छामि, गच्छामः' घोकलेल्यांना हे 'म्' आणि 'मो' ओळखीचे वाटतील. नातं खरंच आहे, फक्त फार लांबचं. भूतकाळात आपल्या 'तो गेला, ती गेली'सारखं लिंग बघावं लागतं: पुरुष 'चूवाओ', बाई 'चूवाला'.

आणि अर्थ? मेंढ्या राखणं, मूल सांभाळणं, गुपित जपणं. आपली तीन क्रियापदं, त्यांचं एकच.

माझी लेक व्हिएन्नात असते. नातवाला सांभाळायला येणाऱ्या बाई बोस्नियातल्या सारायेव्होच्या, १९९२ साली युद्धात घर सोडून आलेल्या. हे सगळं मला त्यांनी शिकवलं, आणि एक खोचही सांगितली. आधी 'सा' लागला की 'साचूवाति' होतं. म्हणजे सांभाळणं तडीस गेलं, वस्तू वाचली. नुसत्या 'चूवाति'त सांभाळत राहणं एवढंच असतं. शेवटी हाती काय उरलं, ते त्यात येत नाही.

त्यांच्याच गावात वल्हांडण सणाला वाचायची चौदाव्या शतकातली एक ज्यू पोथी आहे. १९४२ साली दर्विश कोर्कुत या मुस्लिम ग्रंथपालाने ती नाझींपासून लपवून वाचवली. तिथे 'साचूवाओ'. त्याच गावातलं राष्ट्रीय ग्रंथालय ऑगस्ट १९९२ मध्ये तोफांच्या माऱ्यात जळालं. लोकांनी गोळीबारातही पुस्तकं बाहेर काढली, तरी बहुतेक गेली. वर्षानुवर्षं ती जपणाऱ्यांना 'चूवाति' लागू पडतं, 'साचूवाति' नाही.

नातेवाइकांना ठाऊकच आहे, आमच्या हिला शेवटची अडीच वर्षं मीच बघत होतो. औषधं, पथ्यपाणी, रात्रीची जागरणं. ती गेल्यावर भेटायला येणारे म्हणत, "एवढं केलंत, पण यश आलं नाही." मला उत्तर सुचत नसे. आता सुचतं: 'चूवाओ साम', मी सांभाळत होतो. 'सा' लागला नाही, हे खरं. पण म्हणून वाक्य काही अर्धवट राहत नाही. तिकडच्या व्याकरणात ते पूर्ण आहे.

असो. निरोप घेताना ही माणसं 'चूवाय से' म्हणतात, वडीलधाऱ्यांना आणि अनेकांना 'चूवायते से'. आपलं 'सांभाळून राहा' तेच.

तेव्हा मंडळी, चूवायते से!