जेवढं भरता येईल, तेवढंच मोकळं

पडीत तुकडा भाजीपाल्याखाली आणायचा म्हटलं की सगळे आधी गवत मारण्याचंच विचारतात. कुठलं औषध मारू, किती पंप लागतील, रोटाव्हेटर किती वेळा फिरवू. मी आधी वेगळंच विचारते. हा तुकडा मोकळा झाल्यावर येत्या पंधरवड्यात तिथे लावायला काय आहे? आणि त्याची निंदणी करायला घरात किती हात आहेत? या दोन प्रश्नांचं उत्तर जेवढं येईल तेवढीच जमीन साफ करायला घ्यावी. जैनाबादच्या काळ्या मातीत राबून माझ्या गाठीशी जे ज्ञान जमा झालं, त्यातलं सगळ्यात मोलाचं हेच.

तापीच्या उत्तर काठावर बुऱ्हाणपूर, दक्षिण काठावर जैनाबाद. जिल्हा मध्य प्रदेशात असला तरी पिकांची, सणांची आणि बोलण्याची नाळ रावेर-जळगावाशी जुळलेली. आसपास नजर जाईल तिथे केळी. अशाच दोन केळीबागांच्या मधला आमचा एक तुकडा विहीर ढासळल्यापासून पडून होता. कंबरेएवढं गाजरगवत, बांधाला वेडी बाभूळ, मधूनमधून रुई आणि धोत्रा, आणि या सगळ्याच्या तळाशी, वरून पाहणाऱ्याला न दिसणारी, हरळी. त्या तुकड्यात आज वांगी, भेंडी, गवार, मेथी निघते. तिथवर पोचायला जे करावं लागलं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण पडीत जमिनीपुढे हात टेकणारी माणसं मी अवतीभोवती पाहते, आणि त्यांनी हात टेकायचं काही कारण नाही.

विळा चालवण्याआधी तुकडा वाचावा. तणांचे ढोबळ दोन भाग पडतात : बियांवर जगणारी आणि मुळांवर जगणारी. गाजरगवत, काटेमाठ, तरोटा ही बियांवरची. दिसायला तीच भीतीदायक असतात, पण त्यांना हटवणं सोपं. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. त्याचं सगळं बळ फुलोऱ्यात असतं. एका झाडाला हजारोंनी बी येतं, म्हणून फुलं पांढरी दिसू लागण्याआधी ते मुळासकट उपटलं की निम्मी लढाई संपते. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचं पोलकं मात्र हवंच. या गवताने अंगावर खाज आणि पुरळ उठतं, काहींना दमाही लागतो. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पांढुरके, काळ्या रेघांचे भुंगेरे दिसले तर त्यांच्यावर औषध मारू नये. १९८० च्या दशकात ते मेक्सिकोहून याच गवताची पानं खाण्यासाठी मुद्दाम आणून सोडले आहेत.

खरी परीक्षा मुळांवर जगणाऱ्यांची असते. हरळी, लव्हाळा आणि काळ्या जमिनीत खोल गेलेला कुंदा. यांचं वरचं पान कापलं की आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं आणि त्यांना नुसती छाटणी झाल्यासारखी. घाईने रोटाव्हेटर फिरवला तर नुकसान वाढतं. हरळीच्या जमिनीतल्या कांड्याला पेरं असतात आणि ओल मिळाली की प्रत्येक पेर फुटतं. पातं एका लांब कांड्याचे वीस तुकडे करून तुकडाभर पसरतं, आणि पावसाबरोबर तिथे वीस रोपं उभी राहतात. म्हणून हरळीच्या जमिनीत मी कापणारं अवजार लावत नाही, उचकटणारं लावते. पहार, टिकाव, दाताळं.

वेळही ठरलेली आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली, सालदारांची नवी वर्षं सुरू झाली की खणायला हात घालायचा. वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला भिडतो, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उन्हाळ्याच्या याच कडक दिवसांत तणाचं मूळ मरतं. भर पावसाळ्यात उपटलेली हरळी बांधावर टाकली तरी जगते. तीच वैशाखात उन्हात उघडी पडली की काही दिवसांत वाळून कडकड मोडते.

झाडोरा काढताना वाटेकडून आत जायचं आणि एक बाजू शेवटपर्यंत उभी ठेवायची, म्हणजे आत राहणाऱ्या सापा-मुंगसांना निघून जायला वाट राहते. आधी काठीने झोडपायचं, मग विळा. पेटवून द्यायचं नाही. आगीने वरचं जळतं, मातीतले जीव मरतात, आणि हरळीच्या मुळाला चटकाही लागत नाही. बी न आलेलं सगळं कंपोस्टच्या खड्ड्यात, बी धरलेलं वेगळं.

मग खणणं. भेगेत पहार घालायची आणि ढेकूळ मोडायचं नाही, उचलायचं. मोठं, डोक्याएवढं ढेकूळ उलटं पडलं की त्याच्या पोटातून हरळीची पांढरट, टोकाला टाचणीसारखी अणकुचीदार कांडी बाहेर डोकावतात. ती ओढली तर तुटतात आणि उरलेला तुकडा आतच राहतो. ढेकूळ तसंच उन्हात राहू द्यायचं. आठवड्याभरात माती सुकून स्वतःच मोकळी होते, आणि दाताळ्याने ओढलं की कांडी अख्खी, हातभर लांब निघून येतात. लव्हाळ्याचं वेगळं. त्याच्या काळपट गाठी मातीत एका बारीक दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारख्या एकीखाली एक असतात. वरची गाठ काढली की खालची, झोपलेली, जागी होते. म्हणून गाठीपाशी न थांबता दोऱ्यामागे जावं लागतं. गाठ नखाने सोलली की तिचा गोडसर, कापरासारखा वास येतो. याच जातीचा नागरमोथा दिवाळीच्या उटण्यात पडतो.

असं एकदा खोल खणून झालं की पुन्हा खोल जायचं नाही, हा माझा दुसरा नियम. मातीच्या खालच्या थरात वर्षानुवर्षांचं बी निजलेलं असतं. दरवेळी माती उलथली तर दरवेळी नवं बी उजेडात येतं. रोहिणीत नाहीतर मृगात पहिला चांगला पाऊस पडला की वाफसा येऊ द्यायचा आणि काहीच पेरायचं नाही. आठ-दहा दिवसांत जमिनीवर हिरवी लव उठते. ती वरच्या बोटभर मातीत खुरपं फिरवून मोडायची. हातात दम असेल तर आणखी एकदा उगवू द्यायची, आणखी एकदा मोडायची. एवढा धीर धरला की वरच्या थरातलं बरंचसं बी संपतं, आणि मग टाकलेल्या बियाण्याला वाढायला जागा मिळते.

पहिल्या वर्षी काय लावायचं, यावरही बरंच ठरतं. कोथिंबीर, गाजर, कांद्याचं रोप ही सावकाश वाढणारी, अंगाने बारीक पिकं. तणाबरोबरच्या शर्यतीत ती मागे पडतात. मी पहिल्या पावसाळ्यात साफ केलेल्या जागेच्या निम्म्या भागात ताग दाट पेरला आणि फुलावर येताच तो मातीत गाडला. उरलेल्यात भेंडी, गवार आणि अंबाडी. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, त्यामुळे पिकाच्या पानांनी जमीन झाकली गेली की तो रोडावतो. दोन ओळींमधल्या मातीवर वाळलेल्या केळीच्या पानांचं जाड आच्छादन. केळीची पानं इथे विकत घ्यावी लागत नाहीत. मात्र रोग लागलेल्या बागेतलं पानही आणायचं नाही आणि मातीही नाही.

केळीच्या शेजारी भाजी करणाऱ्यावर एक जबाबदारी असते. काकडीवर्गीय पिकांचा मोझॅक विषाणू, ज्याला इकडे हरण्या म्हणतात, मावा किडीच्या तोंडातून केळीवर जातो. हा विषाणू काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची यांच्यावर राहतो आणि केन्यासारख्या तणावरही राहतो. म्हणजे माझ्या तुकड्यातला माजलेला केना शेजाऱ्याच्या घामावर पाणी फिरवू शकतो. केळीच्या मृगबागेची लागवड होण्याआधी बांध स्वच्छ करणं मी म्हणूनच माझ्या भाजीइतकंच महत्त्वाचं मानते. गिलकी, दोडकी, काकडी यांचे वेल केळीपासून जमेल तितके लांब, घराकडच्या बाजूला चढवते. पडीत जमीन फक्त मालकाची राहत नाही, तिचं बी आणि तिची कीड बांध ओळखत नाही.

तणाचा राग मात्र धरू नये. निंदणीला येणाऱ्या बाया मला हे शिकवत आल्या. ओळीत बसून खुरपं चालवताना त्यांचा दुसरा हात वेचत असतो. घोळ एकीकडे, चिवळ एकीकडे, तांदुळजा ओट्यात. दुपारच्या भाकरीबरोबर चिवळीची डाळ घालून केलेली भाजी खाल्ली की आपण आताच काय फेकत होतो ते कळतं. भाद्रपदात याच बांधावरचा आघाडा, धोत्रा, रुई आणि हरळीच्या दूर्वा गणपतीला जातात. कुठल्या झाडाला कुठे राहू द्यायचं हे त्या बायांना पक्कं ठाऊक असतं. निंदणीची मजुरी शेतीच्या हिशोबात सगळ्यात खाली लिहिली जाते. माझ्या मते ती सगळ्यात वर लिहायला हवी, कारण शेत टिकतं ते त्या हातांवर.

याचा पुरावा गावातच उभा आहे. जैनाबादला मोगलांचा आहूखाना, म्हणजे राखलेलं मृगवन आणि बाग. १७ जून १६३१ ला बुऱ्हाणपुरात मुमताज महल गेली, तेव्हा तिचा देह याच बागेत ठेवला होता. त्याच वर्षी डिसेंबरात तो आग्र्याला हलवला. दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाला १६५३ च्या सुमारास हिराबाई नावाची स्त्री याच बागेत आंब्यापाशी दिसली आणि पुढे ती जैनाबादी महल म्हणून ओळखली गेली, असं मोगल काळाचे ग्रंथ सांगतात. या बागेला पैशाची वाण नव्हती, शेजारी तापी होती. तिथल्या इमारतीचे अवशेष आजही पाहता येतात. तिथली फळझाडं मात्र राहिली नाहीत. विटा-चुन्याची भिंत दुर्लक्ष सोसून काही शतकं उभी राहते. वाफा एक पावसाळा दुर्लक्ष सोसत नाही. बाग एकदा करून ठेवता येत नाही, ती दर आठवड्याला करावी लागते. आहूखान्यावरून जाताना मला त्या बादशहांपेक्षा नाव न उरलेले माळी जास्त आठवतात. ते होते तोवर बाग होती.

म्हणून ज्यांच्याकडे पडीत तुकडा आहे आणि तो बघून छाती दडपते, त्यांना माझं एकच सांगणं आहे. सगळा साफ करायचा विचार सोडा. येत्या आखाजीला एक खाट मावेल एवढी जागा निवडा, पाण्याच्या जवळची, घरातून जाता-येता नजरेखालची. ती नीट खणा, ढेकळं तापू द्या, कांडी वेचा, पहिली हिरवळ मोडा आणि मग भेंडीच्या दोन ओळी लावा. बाकीच्या तुकड्यातलं गवत फुलावर येण्याआधी नुसतं कापत राहा. त्या दोन ओळी स्वच्छ राखणं अंगवळणी पडलं की शेजारची आणखी एक खाट घ्या. माझा तुकडा असाच, बांधापासून बांधापर्यंत, वाढत गेला. घरच्या ताटात भाजी पहिल्याच पावसाळ्यात आली होती.