भुईच्या पोटातला संसार

मे महिन्यातली एखादी दुपार आठवा, मैत्रिणींनो. स्लॅबमधून आग उतरतेय, पंखा गरम वाराच फेकतोय आणि आपण ओल्या चादरी खिडक्यांना टांगतोय. अशा वेळी कुणी म्हणालं, ‘चला, सरळ जमिनीतच घर खणून राहू या,’ तर आपण हसण्यावारी नेऊ. पण ऑस्ट्रेलियातल्या एका गावात बायकांनी खरोखरच असे संसार थाटले आहेत. त्या गावाचं नाव कूबर पेडी.

दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी अ‍ॅडलेड. तिथून उत्तरेकडे सुमारे साडेआठशे किलोमीटरवर हे गाव आहे. म्हणजे आपण मुंबईहून नागपूरला जावं, एवढं अंतर! वाटेत मात्र गावं अगदी मोजकी, बाकी सगळा उजाड माळ. आपल्याकडे थंडी असते, तेव्हा तिथे भर उन्हाळा. जानेवारीत पारा सहज सदतीस अंशांवर असतो आणि कधी पंचेचाळीसही ओलांडतो. हिवाळ्यात, म्हणजे जुलैत, रात्री सहा-सात अंशांपर्यंत गारठा पडतो. पाऊस वर्षभरात सुमारे दीडशे मिलीमीटर. मुंबईत जुलैच्या एखाद्या दिवसातही तेवढा कोसळतो! त्यामुळे झाडं नावालाच. गावातलं पहिलं झाड म्हणून लोक टेकडीवरचं एक लोखंडी झाड दाखवतात, भंगारातून वेल्डिंग करून उभं केलेलं.

मग अशा ठिकाणी माणसं गेली तरी कशाला? ओपलसाठी. आपल्याकडे शुक्राचं रत्न म्हणून अंगठीत घालतात ना, तेच. 1915 साली सोनं शोधायला निघालेल्या एका तुकडीबरोबर विली हचिसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याला इथे ओपल सापडलं आणि खाणकामगारांची रीघ लागली. पहिल्या महायुद्धावरून परतलेले सैनिकही त्यांत होते. उन्हापासून बचाव म्हणून ही मंडळी डोंगराच्या कुशीत खणून राहू लागली. तिथल्या आदिवासींना ते पाहून नवल वाटलं असणार. ‘कूपा पिटी’ या त्यांच्या शब्दांचा अर्थ ‘गोऱ्या माणसाचं बीळ’ असा सांगतात, आणि त्यावरूनच 1920 साली गावाला हे नाव मिळालं.

या घरांना तिथे ‘डगआउट’ म्हणतात. गावातली साधारण निम्मी माणसं अशा घरांत राहतात. इथला दगड मऊ, पण भरवशाचा. खोली कोरली की खांब-तुळया लागत नाहीत. बाहेर कितीही तापो वा गारठो, आत बारा महिने तेवीस-पंचवीस अंशच. हवा खेळावी म्हणून छतातून वर धुराड्यासारखे झरोके काढतात. धूळ झडू नये म्हणून भिंतींना लेप देतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बहुधा दर्शनी बाजूला असतं, कारण सांडपाण्याची सोय तिकडे सोपी जाते. आणि कोनाडा हवा? भिंतीतच कोरून घ्यायचा! सुताराची वाट पाहायला नको.

फे नेलर या बाईंनी तर दोन मैत्रिणींच्या साथीने, दहाएक वर्षं खपून, हातांनी खणत आपलं घर वाढवलं. आत पोहण्याचा तलावसुद्धा केला. पुढे ते घर प्रवाशांना दाखवलं जाऊ लागलं. ‘बायकांना हे काय जमणार,’ म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणतं?

अर्थात हे सुख फुकटचं नाही, बरं का. आतल्या खोल्यांना खिडकी नाही. दिवा गेला की भरदुपारी मिट्ट काळोख. पाणी जमिनीतून उपसायचं, तेही खारं. वीसेक किलोमीटरवरून ते आणून क्षार काढावे लागतात, म्हणून ते महाग पडतं. गावाबाहेर जुन्या खाणींची उघडी भोकं इतकी, की ‘मागे मागे चालू नका, पळू नका’ अशा पाट्या लावल्या आहेत. फोटो काढताना दोन पावलं मागे सरकणं तिथे जिवावर बेतू शकतं!

2021 च्या जनगणनेत या गावाची वस्ती जेमतेम दीड हजार भरली, आधीच्या जनगणनेपेक्षा कमी. बायकांपेक्षा पुरुष जास्त. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीस, इटली, सर्बिया, क्रोएशिया अशा कुठून कुठून माणसं इथे आली. सर्बियन लोकांनी तर आपलं चर्चही भुईतच कोरलं. आणि ज्यांची मूळची ही भूमी, त्या आदिवासींचे हक्क न्यायालयाने मान्य केले, ते 2011 साली. घर कुणी बांधलं याच्याइतकंच, ते कुणाच्या अंगणात बांधलं हेही लक्षात ठेवायला हवं, नाही का?

हे सगळं वाचताना मला आपली मराठवाड्या-खानदेशातली धाब्याची घरं आठवली. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचं छत, आत उन्हाळ्यातही गारवा. आपण ती पाडली, स्लॅब टाकले आणि आता कूलरचं बिल भरतो. सगळ्यांनी पुन्हा मातीची घरं बांधावीत, असं मी म्हणणार नाही. ती दरवर्षी डागडुजी मागतात आणि ते काम बाईच्याच वाट्याला येतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण नवं घर बांधताना नकाशा पुढ्यात आला, की पश्चिमेची भिंत किती जाड, गच्चीवर ऊन किती, वारा कुठून येणार, हे प्रश्न आपणच विचारायला हवेत. दुपारभर त्या घरात राहायचं असतं ते आपल्याला!