पूल बुडाल्यावरचा नियम

पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला की गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड तुटतं. वर्तमानपत्रात त्याची बातमी होते. तिथल्या माणसासाठी तो दर पावसाळ्याचा नेम. पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेत मी नोकरीची बरीच वर्षं काढली आणि आमच्या कामातलं जे काही खरं कळलं, ते या पुलाने शिकवलं.

व्हीएचएफ संचाच्या लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून उंचावर आवाज पुढे पाठवणारा रिपीटर. रिपीटरला बॅटरी, बॅटरीला सोलर पॅनल, पॅनलला ऊन. श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. मग दूरच्या पोलीस मदत केंद्राचा आवाज आधी खरखरतो, मग तुटक येतो, मग येतच नाही. त्यात पसाराही वाढत गेला: १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, १९९० मध्ये नक्षलवाद्यांशी लढणारं सी-६० हे पोलीस दल उभं राहिलं. स्थानिक पोरांची पथकं जंगलात पायी फिरू लागली आणि बोलणारे वाढले. चॅनल मात्र तेवढेच.

मग आधी कोण बोलणार? सैन्याच्या जगात याला जुनं उत्तर आहे: फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी, रूटीन. संदेशाच्या माथ्यावरचा शब्दच त्याची पाळी ठरवतो. एका केंद्रावर आम्ही हे कागदोपत्री पाळत होतो, प्रत्यक्षात आलेल्या क्रमाने संदेश जात. एका रात्री शिधासाठ्याचे आकडे चालू असताना गस्तीवरच्या जवानाला साप चावल्याचा निरोप मागे थांबला. ऑपरेटर नवा होता. चालू संदेश मधेच तोडायची मुभा त्याला कोणी दिलेली नव्हती. जवान वाचला. पण त्या पोराला मी दोष देत नाही. मुभा द्यायचं काम आमचं होतं, आणि आम्ही कोरड्या खोलीत बसून ते विसरलो.

आता पाळी ठरवण्याचं हेच काम यंत्रांकडे आलं आहे. एकेका संचावर हाताने जुळणी करण्याऐवजी नियम केंद्रात एकदा लिहायचा: संदेशांची वाट अरुंद झाली तर छायाचित्रं थांबव, आवाज जाऊ दे, बॅटरी उतरली तर अमुक एवढंच चालू ठेव. उपकरणं तो आपापल्या जागी पाळतात. धोरणावर चालणारं जाळं म्हणतात ते हे. २००० साली इंटरनेटच्या अभियंत्यांनी यासाठी कॉप्स नावाचा प्रोटोकॉल प्रसिद्ध केला. त्यात निर्णय घेणारा वेगळा, अंमल करणारा वेगळा. मला त्यातलं एकच कलम मोलाचं वाटतं: निर्णय घेणाऱ्याशी संपर्क तुटला, तर अंमल करणाऱ्याने जागेवरच्या निर्णयाने काम चालवावं. ते वाचताना मला पर्लकोटाच दिसली.

कारण लढाऊ जाळ्यात तुटणं गृहीतच धरावं लागतं. शहरातल्या कार्यालयात तासाभराचा खंड म्हणजे तक्रार. जंगलात तोच तास पथकाचा सगळ्यात कठीण तास असतो. ज्या नियमाला दर वेळी गडचिरोलीला विचारावं लागतं, तो इथे नियमच नव्हे. तो आधीच त्या केंद्रावर, त्या संचात, त्या ऑपरेटरच्या डोक्यात उतरलेला हवा. त्याला सांगायचा तर सोप्या मराठीत, आणि तो माडिया बोलणारा असेल तर माडियात.

आता गावागावांत मोबाइल टॉवर येत आहेत, ड्रोनची चित्रं येत आहेत. वाट रुंद झाली तसं तिच्यावरून जाणारंही वाढलं, म्हणून पाळीचा प्रश्न मिटलेला नाही, मोठा झाला आहे.

या यंत्रणेचे नियम जे आज लिहीत आहेत, त्यांना माझं एवढंच मागणं आहे. मसुदा घेऊन एकदा नदीपलीकडच्या केंद्रावर जा, रात्रपाळीच्या ऑपरेटरशेजारी बसा, त्याला विचारा. आणि मृग लागायच्या आत जा. नंतर पूल नसतो.