हीथ्रोच्या घटका

लंडनला जाणारी आपली मंडळी हीथ्रो विमानतळ पाहतात ती सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळत. आम्हांला तो नीट उमगला मर्टल अव्हेन्यूवर. हॅटन क्रॉस या भुयारी रेल्वेच्या स्थानकाजवळची ही साधीशी गल्ली. तिच्या टोकाशी त्रिकोणी हिरवळ आणि तीवर विमानांचे शौकीन दुर्बिणी घेऊन बसलेले. दक्षिणेकडील धावपट्टीवर उतरणारी विमाने घरांच्या छपरांवरून इतकी खालून जातात, की चाके मोजून घ्यावीत! एक गेले, की दीडएक मिनिटात दुसरे हजर. पश्चिमेचा वारा असला म्हणजे दुपारी तीनला उतरण्याची धावपट्टी बदलतात. तेवढीच रहिवाशांच्या कानांना उसंत.

धावपट्ट्या दोनच आणि वर्षाकाठी ४,८०,००० उड्डाणे-अवतरणे एवढी मर्यादा. म्हणून प्रत्येक विमानाची घटका आधीच नेमलेली असते. व्यवहारात तिला ‘स्लॉट’ म्हणतात. मोसमात मिळालेल्या घटकांपैकी ८० टक्के वापरल्या, तर पुढल्या वर्षी त्या त्याच कंपनीकडे राहतात. एरवी हातच्या जातात. वाटपात त्या फुकट मिळतात, पण दुसऱ्या कंपनीस देताना पैसे घेता येतात. २०१६ साली ओमान एअरने पहाटे उतरण्याच्या घटकेसह एका जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त होते. फुकटच्या वस्तूला एवढे मोल आम्ही तरी अन्यत्र ऐकलेले नाही.

मग ती राखण्यासाठी काय वाटेल ते होते. ताश्कंदची फेरी बंद पडल्यावर ब्रिटिश मेडिटरेनियन कंपनीने २००७ च्या सुमारास हीथ्रो ते कार्डिफ असे विमान चक्क प्रवाशांविना उडवले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने प्रवासी आटले, तेव्हाही युरोपात काही विमाने रिकामी धावली. अखेर नियमच तात्पुरता स्थगित करावा लागला.

या हिशेबात लहान गावांचे काय होते, हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील इन्व्हर्नेसला विचारावे. १९९७ मध्ये ब्रिटिश एअरवेजने तेथील हीथ्रोची सेवा गॅटविकला हलवली. मोलाची घटका छोट्या विमानावर कोण खर्च करणार? हीथ्रोहून परदेशी जाणाऱ्या इन्व्हर्नेसकराने मग गॅटविकला उतरावे आणि बोचकी सांभाळीत लंडनला वळसा घालावा! बेळगाव-कोल्हापूरकडील वाचकांना, मुंबईत सोयीची वेळ मिळण्याची वाट पाहिलेल्यांना, हे दुःख परके वाटू नये. कंपनीची हीथ्रो सेवा इन्व्हर्नेसला पुन्हा मिळाली ती २०१६ मध्ये.